पंगत उठेपर्यंत

ताराअक्कांचं जेवण सगळ्यांच्या आधी व्हायचं, पण त्यांचं ताट मात्र कधी सगळ्यांच्या आधी रिकामं झालं नाही. लग्नकार्यात त्यांच्या शेजारी बसायचा योग मला पुष्कळदा आला, म्हणून सांगते. भराभर जेवायच्या. खानावळवालीची सवयच ती, उभ्या उभ्या चार घास पोटात ढकलायची. पण ताटात भाकरीचा एक तुकडा आणि बोटभर भाजी राखून ठेवायच्या आणि मान वळवून पंगतीच्या टोकापर्यंत बघत बसायच्या. कुठंतरी एखादी बिनदाताची म्हातारी, नाहीतर एक घास स्वतःच्या तोंडात आणि एक लेकराच्या, अशी एखादी लेकुरवाळी मागं राहिलेली असायचीच. बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली, कुणी उठायच्या बेतात आलं, की अक्का मोठ्यानं म्हणायच्या, "माझं हाय अजून. बसा." तिकडं म्हातारी शेवटचा घास गिळायची आणि इकडं अक्का आपला तुकडा तोंडात टाकायच्या. मग पंगत उठायची.

एकदा मी म्हटलं, "अक्का, सरळ सांगावं ना, म्हातारीचं राहिलंय म्हणून."

"येडी का काय तू मंगल," त्या म्हणाल्या. "मागं राहिलेल्याला कळू न्हाई, की त्याच्यापायी समदे खोळंबलेत. त्याला वाटावं, ही तारीच हावरी हाय."

मिरजगावला हायवेच्या कडेला अक्कांची खानावळ होती आणि तिच्यात आणि आमच्या घरात भिंत एकच. त्यामुळं त्यांच्या भाकरीची थाप ऐकूनच माझी सकाळ व्हायची. खानावळीत तऱ्हेतऱ्हेची माणसं. महिन्याचं बांधून जेवणारे मास्तर आणि बँकेतली नवीन मुलं. कधीमधी टेकणारे ट्रकवाले. आणि एखाददुसरा खिसा गरम असलेला. तसा एक मुलगा तेव्हा मामाच्या रिकाम्या घरात एकटा राहून कॉलेजला जायचा. आज त्याचं शिर्डीला मोठं लॉज आहे, सगळे त्याला शेठ म्हणतात, म्हणून मीही शेठच म्हणते. हा तूप वेगळे पैसे टाकून घ्यायचा, पापड घ्यायचा. एक दिवस म्हणाला, "अक्का, जास्तीचे देतो, पण गरम भाकरी आधी मला."

अक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "पैशानं पापड मिळंल. दुसऱ्याच्या ताटातली भाकर न्हाई मिळायची."

शेठ रागावला नाही. चार वर्षं तिथंच जेवला. अक्कांचं बोलणं असं असायचं, की लागायचं, पण कुणी पान सोडून जायचं नाही.

पुढं अक्कांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खानावळ बंद झाली. दिवसभर बसून राहायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. पुण्याच्या सुनेनं त्यांचा वेळ जावा म्हणून मोबाईलात होडीचा एक खेळ टाकून दिला. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. तर बाईंनी जुनी माणसं शोधून शोधून त्या खेळात आणली. बँकेतले, शाळेतले, शिर्डीचा शेठ, एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले रंगनाथतात्या, आणि भिंतीपलीकडची मी. भिंतीवरून हाक मारून म्हणाल्या, "मंगल, मोबाईल आन. तुला होडीत बशिवते." हायवेवरची खानावळ बंद झाली आणि मोबाईलात पुन्हा उघडली, असंच मी म्हणेन.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना थोडं समजावून सांगते. मलाही कुणी तरी समजावूनच सांगितलं होतं. एक टोळी, एक होडी. दर हंगामाला समुद्रात नवीन बेट निघतं आणि तिथं आपली होडी न्यायची. रोज लहानसहान कामं असतात, मासे धरा, शीड शिवा, नारळ गोळा करा. काम झालं की एक वल्हं मारायला मिळतं आणि होडी तेवढी पुढं सरकते. प्रत्येकाला वल्ह्यांचा आपापला वाटा नेमून दिलेला असतो; सवड असेल त्यानं वाट्यापेक्षा जास्तही मारावीत. होडी काठाला लागली की बक्षिसाची पेटी उघडते. पण ती लागायच्या आत ज्याचा वाटा पुरा झाला नाही, त्याला पेटीतलं काही मिळत नाही आणि टोळीतून त्याचं नाव आपोआप जातं. मग नवा हंगाम. सगळ्या होड्या पुन्हा आपल्या काठावर आणि सगळे शून्यावर. अक्कांना हे शून्यावर येणं फार आवडायचं. "नव्या पंगतीला ताट नवंच पायजे," म्हणायच्या. "कालच्या खरकट्यावर कुनी वाढतं व्हय?"

जी टोळी सगळ्यांत आधी पोचते, तिच्या शिडावर सोनेरी निशाण लागतं. त्या निशाणाची अक्कांना फार ओढ. लपवायच्या नाहीत. "दुसरीपातूर शिकले," त्या मला सांगायच्या, "तितंबी पयला नंबर भावाचा. कदी तरी आपल्या नावानं निशान लागावं गं."

आता टोळीत माणसं तीन तऱ्हेची, अगदी खानावळीसारखी. तात्या पहाटे उठून चहाच्या आधी मासे धरायचे. त्यांच्या वल्ह्यांना गणती नव्हती. शेठला वेळ नाही, पण पैसा आहे. तो होडीला रंगीत शीड घे, कंदील घे, नाकाडावर मोर बसव, असलं काहीबाही विकत आणायचा. आणि मग माझ्यासारख्या, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधे एखादं वल्हं मारणाऱ्या. अशांची एकमेकांत कुरकुर ठरलेली. तात्या म्हणायचे, राबतो आम्ही आणि मोर मिरवतो शेठचा. शेठ म्हणायचा, माझ्यामुळं होडीला होडीची कळा आली. आम्ही गप्पच, कारण आम्ही काय बोलणार.

अक्कांनी सुकाणू तात्यांच्या हाती दिलं. रोज सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाजी निरोप टाकायच्या, "तात्या, आज कुठवर आली होडी? तुमी हाय म्हनून आमी झोपतो." तात्या दिवसभर फुललेले. शेठचा मोर आला की म्हणायच्या, "शेठ, असला मोर येसकरवाडीच्या जत्रंतबी बगितला न्हाई." आणि आमच्यापैकी कुणी चार दिवसांनी उगवलं, की कुठं होतीस, का आली नाहीस, काही नाही. "आलीस? बस," एवढंच. मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही सगळ्यांना बरं सांभाळता." तर म्हणाल्या, "राबनाऱ्याला मान द्यावा, पैशावाल्याला शोभा द्यावी. ज्याला सवड न्हाई, त्याला आपली बसाया जागा द्यावी. त्याला दुसरं काय पायजे आस्तं?"

खेळ काढणाऱ्या कंपनीवरही त्यांची मर्जी होती, कारण पैशानं फक्त सजावट मिळायची, होडी पुढं जायची नाही. "ह्यांच्यात कुनीतरी खानावळ चालवल्याली दिसतीया," म्हणायच्या. पण एका हंगामाला कंपनीनं 'वारा' विकायला काढला. पैसे टाका, वारा घ्या, होडी बिनवल्ह्याची पळते. अक्कांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाईल माझ्यापुढं धरला. "बग. आता ह्यांनी भाकरीबी इकाया काढल्या."

त्याच हंगामाची गोष्ट.

टोळीत एक रोहिणी होती. लग्नाआधी ती अक्कांच्या खानावळीत भाकऱ्या थापायला यायची. आता गावापासून लांब वस्तीवर राहते. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा दिवसभर टेम्पोवर. घरात मोबाईलला रेंज नाही. विहिरीच्या कडेला मातीचं टेकाड आहे, त्यावर चढलं तर रेंज येते. गवताला जाताना रोहिणी टेकाडावर थांबायची, एखादं वल्हं मारायची, आमचे निरोप ऐकायची, स्वतः दोन शब्द बोलायची आणि खाली उतरायची. माणसांत बसल्यासारखं वाटायला तिला तेवढीच जागा होती. हे ती एकदाच बोलली होती, पण अक्कांनी लक्षात ठेवलं होतं.

शेठनं वारा घेतला आणि आमची होडी सगळ्यांच्या पुढं गेली. काठ दिसायला लागला. सोनेरी निशाण म्हणजे आता हातातच आलं होतं. आणि रोहिणीची वल्ही राहिलेली. तिची सासू पलंगावरून पडली होती, दोन दिवस तिला टेकाडावर यायला मिळालं नव्हतं. होडी लागली असती तर ती टोळीबाहेर.

अक्कांनी निरोप टाकला, "कुनी वल्हं मारू नका."

दुपारी तात्या तरातरा चालत अक्कांच्या ओट्यावर आले. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. "अक्का, दिसभर राबतो आमी. एकीपायी निशान सोडायचं व्हय? मागची टोळी आलीच."

"राबता म्हनून तर सुकानू तुमच्या हातात दिलंय, तात्या. राबनाऱ्यानं दम धरला तर शोभतं. माझ्यासारखीनं धरला तर त्यात काय हाय."

तेवढ्यात शेठचा फोन. अक्कांनी आम्हाला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. "अक्का, तुम्ही नुसतं हो म्हणा. आणखी एक वारा घेतो, लागली होडी. तुमची किती दिवसांची इच्छा आहे. रोहिणीला पुढच्या हंगामात परत घेऊ, त्यात काय."

"पानावरनं उठवल्यालं मानूस परत बसत न्हाई, शेठ."

"अहो, खेळ आहे हा."

"खेळच हाय. म्हनूनच म्हन्ते. तुमी परीक्षेच्या टायमाला उशिरा यायचा, आठवतंय का? पंगत उठल्याली आसायची."

"आठवतंय."

"ताट झाकून ठेवायची का न्हाई मी?"

"ठेवायचात."

"मग मलाबी म्हनता आलं आसतं, पुढच्या म्हयन्यात जेव."

शेठ म्हणाला, "अक्का, तुम्ही फार जुनं काढता."

"माझ्याकडं जुनंच हाय. नवं तुमी घ्या इकत."

शेठ हसला. वारा त्यानं घेतला नाही. तात्या पायरीवर बसले, माझ्या सुपातल्या शेंगा फोडायला लागले आणि कुणाकडं बघेनात. संध्याकाळी दुसरी एक टोळी आमच्या होडीच्या शेजारून गेली आणि काठाला लागली. त्यांच्या शिडावर निशाण चढलं. अक्का मोबाईल मांडीवर ठेवून बघत होत्या. "लई देखनं हाय गं," एवढंच म्हणाल्या आणि दिवा लावायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी टेकाडावर आली. एका दमात तिनं सगळी राहिलेली वल्ही मारली आणि भीतभीत विचारलं, "अक्का, होडी अजून हितंच? माझ्यामुळं तर न्हाई ना?"

अक्कांचा निरोप लगेच गेला, "न्हाई गं बाय. माझंच एक वल्हं राह्यलं हुतं. डोळ्यानं दिसंना, बोट भलतीकडंच पडतंय. समदे बोलत्यात मला."

आणि सांगायची गोष्ट अशी, की त्याच्या पाठोपाठ रंगनाथतात्यांचा निरोप आला, "अक्काचं म्हातारपन लई वाढलंय, रोहिने. निशान घालवलं तिनं." त्यावर शेठनं लिहिलं, "अक्कांना आता नुसतं बसवून ठेवा होडीत." अक्का ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. निशाणापेक्षा त्यांना ते बोलणं जास्त पावलं असावं. मला तरी तसं दिसलं.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. सकाळचा चहा घेऊन ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या, तिथंच मान कलली. हंगाम अर्ध्यावर होता. मी भिंतीपलीकडून हाक मारली ती त्यांनी ऐकली की नाही, कोण जाणे.

दहावं-तेरावं झालं. टोळीत कुणी बोलेना, पण खेळ कुणी सोडलाही नाही. तात्या पहाटे उठत होते. शेठनं वारा काही घेतला नाही, एक साधा पांढरा कंदील तेवढा घेतला. होडी हळूहळू निघाली आणि काठाशी आली. आणि तिथं थांबली ती थांबलीच.

मी सकाळी बघते, होडी जागची हललेली नाही. दुपारी बघते, तीच गत. टोळ्यांवर टोळ्या शेजारून निघून चालल्या. त्या संध्याकाळी हंगाम संपायचा होता. होडी लागली नाही तर पेटी कुणालाच मिळाली नसती. मी यादी उघडली. प्रत्येकानं आपला वाटा पुरा करत आणला होता आणि प्रत्येकाचं एकेक वल्हं शिल्लक होतं. माझंही होतं. मला वाटत होतं, असं करणारी मी एकटीच.

अर्धा वाटा राहिलेलं नाव एकच होतं, अक्कांचं. होडी काठाला लागली की ते आपोआप जाणार होतं.

मी विचारलं, "तात्या, काय करायचं?"

तात्यांनी लिहिलं, "माझं हाय अजून."

शेठनं लिहिलं, "माझंही आहे."

मग एकेकाचं तेच यायला लागलं. मास्तरांचं, बँकेतल्यांचं. कुणी उठायला तयार नाही.

ऊन उतरल्यावर रोहिणीचा आवाजी निरोप आला. टेकाडावरचा वारा त्यात घोंघावत होता. म्हणाली, "अक्का आता येनार न्हाईत. आन् आपल्यापायी पंगत खोळंबल्याली त्यास्नी कदी आवडली हुती? मी लई वेळा शेवटी जेवलेय, म्हनून मीच सांगते. हात वाळले समद्यांचे. उठा आता."

मग आम्ही उठलो.