तीन टोले

बंदराच्या टोकाला दीडशे वर्षांचं दीपगृह आहे. तिथला दिवा एकतीस वर्षं ज्यांनी सांभाळला, त्यांना सगळं बंदर दिवेकाका म्हणायचं. माणूस भलता काटेकोर. भिंगावर बोटाचा ठसा दिसला, तर सख्ख्या बायकोचीही खैर नसायची.

दाट धुक्यात दिवा काय कामाचा? तेव्हा घंटा. तीन टोले द्यायचे, मग थांबून कान द्यायचा. बोटीचा भोंगा समोरून आला तर पुन्हा तीनच टोले, म्हणजे या बिनधास्त. खडकाच्या बाजूने आला, तर घंटा सलग बडवायची, म्हणजे मागे फिरा.

पण इतकी वर्षं त्या घंटेखाली उभं राहून कान टिकतात होय? दोन वर्षांपासून काकांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. ते ठाऊक होतं फक्त घरात. मासेमारीची बोट चालवणारा धाकटा भाऊ कानाशी ओरडून चिडवायचा, "दादा, वहिनीचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तुझा संसार सुखाचा!" काका हसायचे. नोकरी जाईल या भीतीने साहेबांना मात्र त्यांनी पत्ता लागू दिला नाही. चुकलंच ते.

एका सकाळी धुकं उतरलं. काकांनी तीन टोले दिले, नेमाने थांबले, पुन्हा तीन दिले. भावाची बोट खडकावर चढली. माणसं वाचली हे नशीब, बोटीचा मात्र चुराडा झाला.

दुपारी बंदराच्या साहेबांनी दोघांना कचेरीत बोलावलं आणि भावाचा जबाब काकांपुढे सरकवला. 'भोंगा वाजवायचा राहिला. चूक माझी.' काकांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली की भावाचं लायसन जाणार, काकांची नोकरी राहणार. भाऊ मान वर करायला तयार नाही.

काका मनात चरफडले. अरे गाढवा, तीन पोरांचा बाप तू! त्यांनी पेन उचललं आणि सही न करताच खाली ठेवलं.

"खोटं बोलतोय हा, साहेब. भोंगा दिल्याशिवाय हा धुक्यात हातभरही पुढे यायचा नाही. बहिरा मी आहे. मलाच ऐकू आला नाही."

साहेब काहीतरी बोलले. काकांनी भावाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. त्याने कानाशी तोंड नेलं.

"उद्यापासून येऊ नका म्हणतात, दादा!"

"आणि तुझं लायसन?"

"राहिलं."

काकांनी कमरेची दीपगृहाची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.