गडात राहिलेली माणसं

सुरतेच्या उधना भागातल्या मराठी वाचनालयात दर रविवारी दुपारी एका पुस्तकावर चर्चा व्हायची. तिथे येणाऱ्या एकमेव बाईमाणूस म्हणजे प्रमिलाबाई. पारोळ्याकडून लग्न होऊन सुरतेत आलेल्या. घरी साड्यांचे धागे कापता कापता त्या कादंबऱ्यांचा फडशा पाडत. नवरा रघुनाथ कापड विणायच्या लूमवर कामाला. त्यालाही वाचनाचा नाद.

त्या रविवारी जुन्या काळातल्या एका अद्भुत कादंबरीच्या शेवटावरून वाद पेटला. गडाला वेढा पडतो. राजाला देवीने उडता घोडा दिलेला असतो. तो एकटाच निसटतो, दूर नवं राज्य उभारतो आणि राज्याभिषेकाला कादंबरी संपते.

"हा कसला शेवट? पळून गेला की!" नेहमी येणारा सुकदेव म्हणाला.

रघुनाथ उसळला. "मरून काय मिळवलं असतं? तो जगला म्हणून राज्य जगलं. काळजावर दगड ठेवून निघायला छाती लागते."

"वा!" चर्चा चालवणारे आनंदा गुरुजी म्हणाले. माना डोलल्या.

"आणि राणी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "तिच्या मांडीवर लेकरू होतं. पुढे तिच्याबद्दल एक ओळ नाही."

"ताई, गोष्ट राजाची आहे," गुरुजी म्हणाले.

"घोड्यावर तिघं मावली नसती का?"

कुणीतरी फिसकन हसलं. रघुनाथ वर पंख्याकडे बघत राहिला.

दोन वर्षांमागे प्लेगच्या भीतीने सुरत पळत होती, तेव्हा त्यांची लेक जयश्री तापाने फणफणली होती. गोळ्या आणतो म्हणून रघुनाथ बाहेर पडला, तो स्टेशनवरून थेट गावी. चाळ ओस पडली. मागे राहिलेली शेजारची कलाबाई तेवढी पाण्याची कळशी उंबऱ्यात ठेवून लांब सरकायची. मुलीला नुसता हिवताप होता, पण तो उतरेपर्यंत प्रमिलाबाई एकट्याच उशाशी बसल्या. रघुनाथ दिवाळीच्या तोंडावर लेकीला फ्रॉक घेऊन परतला. त्यांनी मुकाट ताट वाढलं. तो विषय घरात कधी निघाला नाही.

"राजा परत आला असता," त्या आता हळूच म्हणाल्या, "तर राणीने त्याला जेवायलाही वाढलं असतं. लेखकाला ते सुचलं नाही."

घरी जाताना वाटेत रघुनाथ अहिराणीवर उतरला. "तुले काय गरज व्हती बोलानी? लोकेस्मा मनी इज्जत काढी."

"मी ते राजानीच गोष्ट बोलनू," त्या म्हणाल्या.

तो भराभरा पुढे चालू लागला. पुढच्या रविवारी गुरुजींनी दारातच सांगितलं, "ताई, पुस्तकं रघुनाथभाऊंच्या हाती घरी पाठवू. उगाच कशाला तुम्हाला त्रास!" प्रमिलाबाई मागे फिरल्या. वर्षभरात रघुनाथ वाचनालयाचा कार्यवाह झाला. आठवड्याला एक कादंबरी तो घरी आणून ठेवी आणि शनिवारी न उघडलेली परत नेई. कशी वाटली, असं त्याने एकदाही विचारलं नाही.