गूळ, रुई आणि साळ्याची छाती

आमच्या साळ्याचं, म्हणजे मेहुण्याचं, हृदय कापसाच्या पडलेल्या भावानं बंद पडलं, असं घाटंजीत अजून सांगतात. त्या वर्षांत भावावर काहीही खपायचं. म्हैस आटली तरी कापूस, जावई रुसला तरी कापूस. मीही ते खपू दिलं, कारण माझी सोय होती.

मी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होतो आणि साळा माझ्या हाताखाली. तिथे सरकी निघालेल्या कापसाची, म्हणजे रुईची, धूळ नाकातोंडात जाते. त्यावर सगळ्यांचा एकच इलाज, गुळाचा खडा. गुळानं छातीतली रुई सुटते, एवढंच आमचं वैद्यक.

त्या हंगामात साळा गाठी ढकलताना मध्येच बसू लागला.

"भाऊजी, दवाखान्यात जाऊन येतो. छाती दाबल्यावानी होऊन राह्यली."

"रुई बसली. गूळ खाय."

"कालपण खाल्ला."

"कोरडा खाल्ला असशीन. तूप टाकून खाय."

एरवी तो माझं काही ऐकत नसे. हे ऐकलं. मग एका दुपारी सरकीच्या ढिगावर आडवा झाला. झोपला समजून मी शिवी दिली. उलटून शिवी आली नाही, तेव्हा मी गाडी बोलावली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं. म्हणाले, "रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते. त्यातलं कोलेस्टेरॉल फार झालं की त्याचे टोकदार खडे बनतात, स्फटिक. ते आतून टोचतात, सूज आणतात आणि एक दिवस वरचा पापुद्रा फाडतात. तिथे रक्त गोठतं अन् वाट बंद."

"आणि गूळ-तूप?" मी हळूच विचारलं.

"आठ दिवसांच्या तुपानं हे होत नाही, याला वर्षं लागतात. पण छाती दाबली तेव्हाच आणायला हवं होतं. आता हृदयाचा एक भाग मेला."

साळा पडल्यापडल्या म्हणाला, "भाऊजी, माह्या छातीत खडीसाखर पिकली. तिले तरी भाव असन काय?"

दुसऱ्या दिवशी एक पुढारी फोटोवाला घेऊन आले. "किती एकर कापूस?" त्यांनी विचारलं. साळा म्हणाला, "एक गुंठाही नाही." पुढाऱ्यांचा चेहरा पडला, पण फोटो निघाला. त्यावरून गावभर कापसाची गोष्ट झाली.

साळा त्यानंतर बरीच वर्षं जगला, पण ओसरी चढतानाही धापा टाकायचा. तो दवाखान्यातून आला तेव्हा बायकोनं मला विचारलं होतं, "त्यानं तुमाले आधी काही सांगतलं होतं काय?" मी नाही म्हटलं. साळा समोरच बसला होता. तो चहा पीत राहिला.

गेल्या वर्षी तो गेला. परवा बायको तूर निवडत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं.

"मले मालूम आहे," ती मान वर न करता म्हणाली. "दर राखीले तोच सांगे. तुमची नक्कल करे अन् हासे."

मलाही हसू आलं.

"मी नाही हासली कधी," ती म्हणाली.