पटावरचा यशराज

"शिक्का तेवढा मारा मॅडम, बाकी समदं भरून आणलंय," असं म्हणून नानांनी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

त्यांचा मुलगा यशराज सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेत पास झाला होता. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. तिथल्या बहुतेक जागा खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या मुलांसाठी असतात. म्हणून तो तिसरी ते पाचवी आमच्याच शाळेत शिकला, असा मुख्याध्यापिका म्हणून माझा दाखला हवा होता.

यशराज आमच्या वर्गात एक दिवसही बसला नव्हता. तो लातूरला मावशीकडे राहायचा. तिथल्या इंग्रजी शाळेत ओळखीवर, पटावर नाव न घालता बसायचा आणि संध्याकाळी याच परीक्षेच्या क्लासला जायचा.

आमच्या पटावर त्याचं नाव मीच घातलं होतं. आमची वडवणीजवळची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकांची शाळा. मुलांची संख्या, म्हणजे पट, घसरला की एक शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याला उचलून कुठेही टाकतात. तीन वर्षांपूर्वी नेमकं एक मूल कमी पडत होतं, आणि जाणारी मीच होते. नाना शाळा समितीचे अध्यक्ष, गावातले सर्वांत मोठे जमीनदार. म्हणाले, "आमच्या यशचं नाव घाला की. तुमचं बी काम होतंय, आमचं बी." मला वाटलं, देव धावला. तीन वर्षं मी रोज त्याला हजर मांडलं.

त्याच परीक्षेला पूजा बसली होती. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या संगीताची मुलगी. फळ्यावर माझं गणित चुकलं तर ही पोरगी टोकायची. रविवारी तिला घरी बोलावून मी शिकवायचे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स आणल्या, पण त्यात आकृत्या काळ्याकुट्ट यायच्या. काळे करायचे ते उत्तराचे गोल तिने पहिल्यांदा परीक्षेतच पाहिले. लातूरच्या क्लासमध्ये ते दर आठवड्याला भरून घेतात.

तरी पूजा प्रतीक्षा यादीत पहिली आली. एक मूल मागे हटलं की तिचा नंबर लागणार होता.

खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट होत होता. नानांचा हेवा वाटला, त्याहून जास्त लातूरच्या त्या क्लासमधल्या सरांचा. माझा स्वतःचा मुलगाही पूर्वी याच परीक्षेत मागे पडला होता, आणि त्यालाही मीच शिकवलं होतं.

"नाना," मी म्हटलं, "यशला लातूरला चांगली शाळा आहे. त्याने जागा सोडली तर पूजाचा नंबर लागेल."

"पुढच्या साली बसंल की ती."

"ही परीक्षा एकदाच देता येते."

"मग आमच्या यशनं कावून सोडायची?" नाना हसले. "त्यो बी तुमचाच इद्यार्थी. हजेरी तुमच्याच अक्षरात हाय न्हवं?"

दाखला नाकारायचा तर तीन वर्षांची हजेरी खोटी होती, हे मला लिहून द्यावं लागलं असतं. मी शिक्का मारला. पुढच्या ग्रामसभेत यशराजला घडवल्याबद्दल माझा शाल-नारळ देऊन सत्कारही झाला.

दुसऱ्या दिवशी संगीता ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, तीन वर्सं मीच वाढतीय पोरांना. त्या यशराजला कदी वाढलं न्हाई मी."

मी समोरचं हजेरीचं रजिस्टर मिटलं.

"मला पयल्यापसून ठाव होतं," ती म्हणाली. "पन कुनाला बोलले न्हाई. म्हनलं, त्याच्या नावानं तुमी हितं ऱ्हाल, माझ्या पोरीला शिकवाल."

पूजा आता एसटीने वडवणीच्या शाळेत जाते. मी निवृत्त झाले. नवे मुख्याध्यापक काही विचारायला आले की त्यांना एकच सांगते, पटावर एक मूल कमी असेल तर कमीच लिहा.