काळ्या गाडीचं मेण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर आमच्या काळ्या गाडीसाठी मेण आणलं. दुकानदार म्हणाला, पॉलिशनं ओरखडे जातात, मेणानं चमक टिकते. ही म्हणाली, “मेणच द्या. ओरखडे राहू देत, ह्यांना तरी काय कमी आहेत!”

घरी येऊन जमीन सारवावी तसं तिनं बॉनेटला हातानं मेण फासलं. डबीवरचं वाचतंय कोण? मी फडकं घेतलं तर ओरडली, “ओलं सारवण कुणी पुसतं का? उद्या पुसा.”

रात्री झोपेतच गेली.

काळा रंग काही लपवत नाही. पांढऱ्या गाडीवर मेणात उमटलेली तिची बोटं मला दिसलीच नसती.

सकाळी माणसं जमली. मेण कधीच वाळलं होतं. मेहुणा बॉनेटला टेकायला गेला, तसा मी म्हणालो, “टेकू नका, ओलं आहे अजून.”