धप्प झालं की घास

मालतीवहिनींचं नाव आधी लिहिते. चंद्रपूरकडून मावशीसोबत गंगाखेडला कामाला आले, मावशी आजारी पडून परत गेली, मी एकटी राहिले — आठवी अर्धवट सोडलेली, कुणाची ओळख नाही. वहिनींनी घरात घेतलं. स्वतःच्या ताटाशेजारी माझं ताट मांडलं. त्यांनाच मी पुढं लिहितेय ते कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

त्यांचा ओम तेव्हा तीन वर्षांचा. त्याला सांभाळणं हे माझं काम. जेवायला लय छळायचा, तोंड घट्ट मिटून बसायचा. आणि तो जेवला नाही तर मला काढून टाकतील — ही धास्ती मला रोजचीच. मग मोबाइलवर विनोदी सिनेमे लावायला लागले. सगळ्या घरानं मिळून बघायचे असतात ना, तसले. जाडा मामा साबणाच्या पाण्यावरून घसरतो, नोकराच्या डोक्यात तवा बसतो, म्हातारा शिडीवरून कोसळतो. रक्त नाही, कण्हणं नाही. वर ढॅण करून वाजतं. ओम पहिल्यांदा घाबरला होता — हे खरं. माझ्या कुशीत तोंड खुपसलं, "त्याला लागलं" म्हणाला. आणि मी काय केलं? टाळी वाजवली, धप्प म्हणून हसले, अन् उघड्या तोंडात घास कोंबला.

पुढं तो शिकला. कुणी पडलं की हसायचं, आ करायचा. वाटी रिकामी. वहिनी म्हणायच्या, तुझ्याच हातानं जेवायलंय बघ लेकरू. मी फुगायचे.

एका सकाळी आजोबा, म्हणजे वहिनींचे सासरे, न्हाणीच्या ओल्या फरशीवर पडले. खुबा मोडला. घरभर ओरडा, आणि ओम समोर उभा — टाळ्या वाजवत, हसत. मग त्यानं माझ्याकडं वळून आ केला.

घासासाठी. त्या घरात हे एकट्या मला कळलं.

दादा, म्हणजे ओमचे वडील, म्हणाले, "बाप माझा कण्हायलाय अन् हे दात काढायलंय." आणि थोबाडीत दिली. त्या आ केलेल्या तोंडावर. वहिनीसुद्धा मध्ये पडल्या नाहीत. मी? मी फरशी पुसायला घेतली.

संताप येतो. त्या सिनेमांचा येतो, दादांच्या हाताचा येतो. पण त्यांना माहीत नव्हतं — मला होतं. एक वाक्य तर बोलायचं होतं. कशाला भ्याले? डोक्यावरच्या छपरासाठी? तीन वर्षांच्या पोराच्या गालाआड लपले. थू माझ्यावर.

ओम आता पाचवीत आहे. पाहुणे आले की अजून ती गोष्ट निघते — आजोबा पडले अन् आमचे महाराज हसले. सगळे हसतात, तो सोडून. मागच्या महिन्यात मी भाजी निवडत होते, तेव्हा शेजारी येऊन बसला. "ताई, मी लहानपणापासूनच असा हाय का?"

"लहान होतास रे," एवढंच म्हणाले. म्हणजे दुसऱ्यांदा तेच केलं.

वहिनी, कुणी पडलं की तुमच्या लेकराला वाईट वाटायचं. ते मी मोडलं, अन् ठपका त्याच्यावर राहू दिला. तुमचं अन्न माझ्या अंगात आहे. ते फेडीन — एक दिवस तुमच्यासमोर, त्याच्यासमोर, पाहुण्यांदेखत बोलून फेडीन. मग मला ठेवायचं की काढायचं, ते तुमचं.