अमावस्या कोणाच्या मिलची?

मले कायले लिहायला लावता? चौथी शिकलेला माणूस मी. पण पुतणी ऐकत नाही. वैशालीचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आमगावात माझ्याच राईस मिलच्या वर आहे. तिथले किस्से कोंड्यासारखे उडून माझ्या अंगावर साचतात.

* * *

ती राईस मिलसाठी प्रोग्राम करते. पहिला माझ्याच मिलीत लावला. ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन आपोआप येते, पावती निघते. मी म्हटलं, आता हाच दुसऱ्याले वीक.

"काका, अर्धाच विकता येते. अर्धा तुमचा आहे."

वजन, पावती कोणत्याही मिलचं. ओल्या धानाच्या वजनातली कपात, सुट्ट्या माझ्या मिलचं. ते दोन्ही वेगळं करत बसली. मी रोज बडबडलो, चालू गाडीचं इंजिन कायले खोलून राहिली? तिनं मान वर केली नाही.

* * *

तिच्यासोबतचा निलेश घाईचा. आमची मिल अमावस्येला बंद, हमाल मशीनला हात लावत नाहीत. पठ्ठ्यानं ही अमावस्येची सुट्टी सगळ्या मिलींच्या सामाईक भागात टाकली. म्हणे, अमावस्येला मिल चालवते कोण?

तिरोड्याची चालते! वैशालीचं बाहेरचं पहिलं गिऱ्हाईक. ऐन सीझनात अमावस्येला तिथं पावती निघेना, ट्रॅक्टरची लाईन रोडपर्यंत. हे गिऱ्हाईक गेलं तर ऑफिसला कुलूप लावून पोरगी पुण्याला नोकरीवर जाणार, असं घरात ठरलेलं.

मालकानं फोन मलेच लावला. "तुझ्या मिलची अमावस्या माझ्या मिलीत काऊन घातली? माझा धंदा पाडून राहिला काय?"

* * *

निलेश म्हणे, एक ओळ टाकतो, तिरोडा असेल तर चालू. दोन मिनिटांचं काम.

"नाही. आज तिरोडा, उद्या देवरी. सामाईक भागाले कोणत्याच गावाचं नाव माहीत व्हायला नोको."

वैशाली मालकाला म्हणाली, तोवर पावत्या हातानं फाडा. तो शिव्या देऊन राहिला, ही टाईप करून राहिली. अमावस्या सामाईक भागातून उपटली, माझ्या मिलच्या भागात ठेवली. लाईन हलली. शिव्या खातानाही शॉर्टकट न मारणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

* * *

मग देवरीची मिल आली. सामाईक भागाला बोटही न लावता जेवणाआधी काटा सुरू! त्या दिवशी मी बडबडलो नाही.

* * *

पुढच्या अमावस्येच्या तोंडावर तिरोड्याहून फोन आला, या वेळी वैशालीला. मालकाचा आवाज एकदम खाली.

"पोरी, ते अमावस्येची सुट्टी आमच्याकडं चालू करून दे. त्या दिवशी लाईन अडली तेव्हा हमालाईले सुट्टी गोड लागली, ऐकून नाही राहिले. पण तुझ्या काकाले सांगू नोको."

स्पीकर चालू होता. मी बाजूलाच चहा पीत होतो.

तिनं तिरोड्याच्या भागात एक टिक मारली.

मला फोनवर झापून ज्या तिरोड्याच्या मालकानं अजून माफी मागितली नाही, त्याचं नाव दामोदर पटले.